शहर, गाव आणि आवाजाचे स्रोत: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

विषय पक्का झाला: शहरी आणि ग्रामीण भागातले ध्वनिप्रदूषणाचे स्रोत. पहिल्याच बैठकीत मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "वाहनं, कारखाने, बांधकाम, भोंगे. ही यादी शाळेतलं पोरही करेल. ती करून तुम्हाला नवीन काय कळणार आहे?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की यादी करायचीच, पण प्रत्येक स्रोतापुढे तीन रकाने ठेवायचे: तो किती वेळ चालतो, दिवसाच्या कोणत्या प्रहरी चालतो आणि त्याच्या टप्प्यात माणसं किती.

शहर म्हणजे गोंगाट आणि गाव म्हणजे शांतता, असं सगळेच धरून चालतात. हेच तपासायचं आहे. ज्या वस्त्यांत आणि गावात आम्ही मोजणार, त्यांची नावं नोंदीत लिहायची नाहीत. तसं तिथल्या लोकांना कबूल केलं आहे.

५ नोव्हेंबर

प्रयोगशाळेतून ध्वनिमापक मिळाला, आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या दुसऱ्या वर्गाचा. सोबत कॅलिब्रेटर, म्हणजे मापक बरोबर मोजतो का ते तपासायचं उपकरण. त्याला माइक लावला की तो १००० हर्ट्झचा, ९४ डेसिबलचा सूर देतो. ९४ डेसिबल म्हणजे जवळजवळ १ पास्कल ध्वनिदाब. शून्य डेसिबल २० मायक्रोपास्कलला धरतात, म्हणजे शून्यापासून इथपर्यंत येताना दाब ५०,००० पट वाढलेला असतो. एवढा मोठा पल्ला साध्या मोजपट्टीवर मावत नाही, म्हणून लॉगचं (लॉगॅरिदमचं) माप, ज्यात आवाज ठराविक पट वाढला की आकड्यात ठराविक भर पडते.

गटातल्या दोघांनी फोनवरची अ‍ॅप वापरायचं सुचवलं. फोनचा माइक बोलणं टिपायला केलेला असतो आणि मोठा आवाज आला की बऱ्याच फोनमधली यंत्रणा तो आपोआप दाबते. म्हणून फोन फक्त ध्वनिमुद्रणासाठी ठेवायचा, आकडे मापकाचे घ्यायचे.

मोजायची शिस्त ठरवली. माइक जमिनीपासून साधारण दीड मीटर, भिंतीपासून साडेतीन मीटर तरी लांब, कारण भिंतीवरून परतलेला आवाज आकडा फुगवतो. माइकवर स्पंजाची टोपी कायम. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी मोजायचंच नाही. प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावायचा.

६ नोव्हेंबर

आजचा दिवस फळ्यासमोर गेला, आणि त्याची गरज होती. ७० डेसिबलची दोन सारखी यंत्रं शेजारी लावली तर ७३ होतात. दहा लावली तर ८०. कानाला मात्र ७० वरून ८० म्हणजे साधारण दुप्पट मोठा आवाज वाटतो, यंत्रं दहापट झाली तरी.

मग सरासरी. बाईंनी उदाहरण घातलं: एका तासातली ५९ मिनिटं ५० डेसिबल आणि एक मिनिट ८० डेसिबल. साधी सरासरी ५०.५ येते. ऊर्जेच्या हिशोबाने काढलेली समतुल्य पातळी ६२.५ येते. एका मिनिटाने अख्ख्या तासाचा आकडा ठरवला. पण नुसता ६२.५ वाचून कोणालाही कळणार नाही की तिथे तासभर सलग वाहता रस्ता होता, की शांत गल्लीत कोणी एकदाच फरशी कापायचा कटर लावला होता. दोन्हींचा त्रास निराळा, उपाय निराळा.

म्हणून प्रत्येक जागी समतुल्य पातळीसोबत आणखी दोन आकडे लिहायचे. एल१० म्हणजे जी पातळी फक्त १० टक्के वेळ ओलांडली गेली ती, म्हणजे उसळ्या. एल९० म्हणजे ९० टक्के वेळ ओलांडलेली, म्हणजे त्या जागेची तळपातळी. मला या दोहोंतलं अंतर सगळ्यांत बोलकं वाटतं.

९ नोव्हेंबर

शहरातला मुख्य रस्ता, सकाळची गर्दी. सिग्नल सुटताना आधी इंजिनांचा आवाज चढतो, आणि गाड्यांनी वेग घेतला की तो मागे पडून टायरांची एकसारखी सरसर वर येते. मोटारीच्या बाबतीत ताशी ३५ ते ५० किलोमीटरच्या पुढे टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज इंजिनापेक्षा मोठा होतो. ट्रक-बसमध्ये इंजिन बराच वेळ वरचढ राहतं. त्यामुळे विजेच्या गाड्या आल्या की रस्ते शांत होतील हे अर्धंच खरं आहे. चौकात, गल्लीत फरक पडेल. वेगाच्या रस्त्यावर फारसा नाही. उलट अगदी हळू चालणारी विजेची गाडी पादचाऱ्यांना ऐकूच येत नाही, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमावलीत ताशी २० किलोमीटरपर्यंत तिने मुद्दाम आवाज करावा अशी तरतूद आहे.

हॉर्नमुळे एल१० उडतो, एल९० हलत नाही. पण तेवढ्यावरून हॉर्न किरकोळ ठरत नाही. कान जिथे सर्वांत तीक्ष्ण असतो, त्या २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात हॉर्नची बरीच ऊर्जा असते, आणि तो अचानक येतो. दचकणं सरासरीत दिसत नाही.

आज सगळ्यांत जास्त विचार केला तो अंतराचा. मोकळ्यावर एकट्या यंत्रापासून अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल घटतात. वाहता रस्ता हा रेषेसारखा स्रोत, तिथे अंतर दुप्पट करून ३ डेसिबलच घटतात. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की तेवढेही नाहीत, आवाज भिंती-भिंतींतून घुमत राहतो. वाहनं निम्मी केली तरी ३ डेसिबलच कमी. म्हणजे या रस्त्याला गुन्हेगारच नाही. हजार जण थोडा थोडा आवाज करतात आणि मिळून जो होतो तो कोणाचाच नसतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्या गॅलरीत माइक लावू दिला. म्हणाल्या, "खिडकी उघडली की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही, लावली की जीव घुसमटतो. तू सांग बाळा, मी काय करू?" त्यांच्यासाठी आमच्याकडे आज काही नव्हतं.

११ नोव्हेंबर

बांधकामाची जागा. पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खांब घालायचं काम, चालू होतं, आत जायला परवानगी नव्हती, कुंपणाबाहेरून मोजलं. ट्रक मागे घेताना वाजणारी टूंटूं बाकी सगळ्या खडखडाटातून वेगळी काढता येते, कारण तो एकच सूर आहे. काही ठिकाणी त्याऐवजी 'खस्स खस्स' असा सर्व वारंवारतांचा मिश्र आवाज वापरतात. तो जवळ तितकाच सावध करतो आणि लांब गेल्यावर आजूबाजूच्या आवाजात मिसळून जातो. साधा बदल, पण झोपेच्या वेळी काम चालणाऱ्या ठिकाणी मोठा उपयोगाचा.

१४ नोव्हेंबर, रात्र

रस्ता ओसरल्यावर शहराचं दुसरं अंग ऐकू येतं: एसीची बाहेरची युनिटं, गच्चीवरचे पंखे, तळघरातला जनरेटर, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला गुणगुणतो.

इथे मापकाच्या ए-भाराचा प्रश्न आला. माणसाचा कान खर्जाला कमी संवेदनशील, म्हणून ए-भारात १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा होतात आणि ५० हर्ट्झला ३०. दिवसाच्या मिश्र गोंगाटाला हे ठीक. पण रात्री शयनगृहात फक्त खर्जच पोचतो, कारण भिंती आणि काचा वरच्या वारंवारता अडवतात आणि खालच्या सोडून देतात. ज्या आवाजाने माणूस जागा राहतो त्यालाच यंत्र कमी लेखतं. म्हणून इथून पुढे रात्रीच्या वाचनाला सी-भाराचंही वाचन जोडायचं, ज्यात खर्ज फारसा वजा होत नाही. दोन्हींत मोठी तफावत दिसली की समजायचं, खर्जाचा त्रास आहे.

१८ नोव्हेंबर

दिवसभर वाचन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये मार्गदर्शक पातळ्या दिल्या. दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून काढलेल्या पातळीत संध्याकाळच्या आवाजाला ५ आणि रात्रीच्या आवाजाला १० डेसिबलचा वाढीव भार दिला जातो. त्या मापाने रस्त्यासाठी ५३, रेल्वेसाठी ५४, विमानासाठी ४५. नुसत्या रात्रीसाठी अनुक्रमे ४५, ४४ आणि ४०. विमानाची मर्यादा एवढी खाली, कारण त्याच पातळीला विमानाच्या आवाजाने लोकांना त्रास जास्त होतो. याच संघटनेने २०११ मध्ये पश्चिम युरोपपुरता हिशोब मांडला होता: वाहतुकीच्या आवाजापायी दर वर्षी निरोगी आयुष्याची किमान १० लाख वर्षं वाया जातात. यातला सगळ्यांत मोठा वाटा झोपमोडीचा आहे. झोपेतही कान बंद होत नाही. आवाजाने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वर जातात, माणसाला सकाळी आठवत नसलं तरी.

रेल्वेसाठी न्यूयॉर्कच्या एका शाळेवरचा अभ्यास सापडला. आर्लीन ब्रॉनझाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये तो सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केला. उन्नत रेल्वेमार्गाच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे होती, वरच्या इयत्तेत जवळपास एका वर्षाने. पुढे रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आवरण घातलं आणि नंतरच्या पाहणीत फरक उरला नाही. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन नवा सुरू झाला तेव्हाही असंच: नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण घसरलं, जुन्याजवळच्यांचं सावरलं. हे वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण नुकसान भरून निघतं याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

आता मुख्य गोष्ट. हे सगळे अभ्यास शहरांतले, विमानतळांजवळचे किंवा मोठ्या मार्गांवरचे. गाव कुठे आहे ते शोधायला लागले. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाप्रमाणे दर पाच वर्षांनी आवाजाचे नकाशे करावे लागतात. पण ते १ लाखावर वस्ती असलेल्या नागरी भागांचे, वर्षाला ३० लाखांवर वाहनं जाणाऱ्या रस्त्यांचे, ३०,००० वर गाड्यांच्या लोहमार्गांचे आणि ५०,००० वर उड्डाणं-अवतरणं होणाऱ्या विमानतळांचे. भारताच्या २००० सालच्या नियमांत चार क्षेत्रं आहेत: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. निवासीला दिवसा ५५, रात्री ४५. शेत या चौकटीत कुठेच नाही. महामार्गाच्या कडेला नसलेलं गाव नकाशावर कोरं राहतं, आणि कोरी जागा बघणाऱ्याला शांत वाटते.

२३ नोव्हेंबर

गावातला पहिला दिवस. वस्तीच्या मधोमध दुपारी माइक लावला. तळपातळी इतकी खाली आली की आमच्या मापकाची खालची मर्यादाच आडवी आली. तीसच्या आसपास तो स्वतःचीच कुजबुज मोजायला लागतो. मग एक मोटारसायकल गेली. आकडा चाळीसेक डेसिबलने चढला आणि उतरला. पुन्हा शांत. एल१० आणि एल९० यांच्यातलं अंतर शहरातल्या रस्त्याच्या कितीतरी पट.

कॅनडाचे संगीतकार आर. मरी शेफर यांच्या गटाने १९७५ मध्ये युरोपातल्या पाच गावांत, स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि स्कॉटलंड इथे, आवाजांची नोंद केली होती. शेफर यांचं सांगणं असं की जिथे तळपातळी खाली असते तिथे प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो, तो कुठून आला, किती लांबून आला हे कळतं. आणि जिथे ती चढते तिथे सगळं एकात एक मिसळून जातं. आज ते स्पष्ट जाणवलं. शेजारच्या एका काकांना डोळे मिटून बसवलं आणि विचारलं. त्यांनी प्रत्येक इंजिन मालकाच्या नावासकट सांगितलं.

रात्रीच्या वाचनात रातकिड्यांनी आकडा चांगलाच वर नेला. वारंवारतांचं विश्लेषण केलं तर ऊर्जा वरच्या पट्ट्यात गोळा झालेली. हा प्रदूषणाचा स्रोत धरायचा नाही, पण वेगळा नोंदवायचा. नाहीतर कोणी म्हणेल की गावातली रात्रही निवासी मर्यादेच्या वर गेली.

२४ नोव्हेंबर

आज प्रकल्पाची दिशा बदलली.

सकाळी शेताच्या बांधावर माइक लावला. ट्रॅक्टर नांगरट करत होता. दूरच्या टोकाला गेला की आकडा खाली, जवळ आला की वर. तासाची समतुल्य पातळी शहरातल्या रस्त्यापेक्षा कमीच. ते लिहून घेत असताना ट्रॅक्टरवाला थांबला. त्याला आम्ही दादा म्हणतो, तो आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. म्हणाला, "तिथं कशाला लावलंय? तिथं कोण बसतंय? इथं वर लावा."

मग माइक त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर बांधला. केबिन नसलेला ट्रॅक्टर, एक्झॉस्टचा पाइप नाकासमोर. आकडा नव्वदीत स्थिर राहिला, इंजिनवर ताण आला की आणखी वर. मागचं अवजार बघायला तो सारखी मान वळवून बसतो, त्यामुळे एकच कान सतत एक्झॉस्टकडे. कोणत्या कानाने कमी ऐकू येतं असं विचारल्यावर त्याने तोच दाखवला.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० ला फक्त १५ मिनिटं. दादा हंगामात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ट्रॅक्टरवर असतो. "संध्याकाळी कानाला दडे बसतात, रात्रभर कान वाजतो, सकाळी मोकळा होतो," म्हणाला. सकाळी मोकळा होतो म्हणूनच याची कोणी दखल घेत नाही. कानाच्या शंखात केसासारख्या पेशी असतात; थकलेल्या पेशी रात्रीत सावरतात, मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. पहिली घट ४००० हर्ट्झच्या आसपास पडते. बोलण्यातले स, श, फ यांसारखे ध्वनी वरच्या वारंवारतांवर तोलून असतात. म्हणून आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, आणि घरचे म्हणतात की हा लक्ष देत नाही.

दुपारी कडबाकुट्टी. गोठ्यात, पत्र्याच्या छताखाली. पत्रा आवाज परत फेकतो. यंत्रावर घरातल्या मावशी, शेजारी त्यांची शाळेतली मुलगी पेंढ्या देत होती. तीच गोष्ट पिठाच्या गिरणीत, मळणी यंत्रावर, झाडं तोडायच्या साखळी करवतीवर. करवत चालवणाऱ्याच्या कानापाशी तर आवाज शंभरीच्या पुढे असतो.

शहरातल्या आजींच्या घरात आवाज चालून येतो. इथे माणूस पोटासाठी आवाजापाशी जाऊन बसतो. बांधावरच्या माइकला तो दिसत नाही. गावाच्या सरासरीत तो विरून जातो. इतके दिवस आम्ही जागेचा आवाज मोजत होतो, कानाचा नाही.

२५ नोव्हेंबर, पहाट

थंडी, आकाश निरभ्र, वारा पडलेला. बऱ्याच लांबचा डिझेल पंप उशाशी असल्यासारखा धडधडत होता. दुपारी याच जागी तो जेमतेम ऐकू येत होता. कारण हवेत आहे. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. निरभ्र रात्री जमीन आधी थंड होते, वरचा थर तुलनेने उबदार राहतो, आणि वर चाललेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. त्यात तळपातळी खालची, झाकायला दुसरा आवाज नाही.

पंपावर सायलेन्सर नव्हता. गंजून गळून पडला होता, नवा बसवला नाही. मालकाने सरळ सांगितलं, "सायलेन्सर नसला की इंजिन चालू आहे हे घरी झोपून कळतं." म्हणजे हा आवाज त्याच्यासाठी निरोप आहे. यावर उपाय सुचवायचा तर पंप बंद पडल्याचं कळवणारी दुसरी सोय आधी द्यावी लागेल. नुसतं 'सायलेन्सर लावा' म्हणून भागणार नाही.

४ डिसेंबर

पक्ष्यांवर थोडंसं. हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ख्रीट पेट यांनी २००३ मध्ये लायडन शहरातल्या वल्गुलीच्या जातीच्या पक्ष्यांवर, म्हणजे ग्रेट टिटवर, काम केलं: रहदारीच्या खर्जात बुडू नये म्हणून गोंगाटाच्या भागातले नर वरच्या पट्टीत गातात. आमच्या प्रकल्पात हे बसत नाही. तरीही लिहून ठेवलं.

७ डिसेंबर

गावात पण गावाचा नसलेला आवाज. खडी केंद्राचा क्रशर, त्याकडे जाणारे ट्रक, लांबून दिसणाऱ्या पवनचक्क्या. क्रशर आणि सुरुंगांची खडी जाते शहरातल्या इमारतींना आणि रस्त्यांना. ११ नोव्हेंबरला ज्या जागेच्या कुंपणाबाहेर मोजलं, तसल्याच जागांच्या मागणीचं हे मागचं टोक आहे. शहर आणि गाव असे दोन वेगळे स्तंभ आखले की हा दुवा तुटतो, म्हणून अहवालात त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यायचा.

पवनचक्कीबद्दल टोकाची मतं ऐकली. आमची नोंद एवढीच: मिनिटाला १५ फेऱ्या घेणारी तीन पात्यांची चक्की मिनिटाला ४५ वेळा 'सूं' करते. हा चढउतार ठराविक तालावर असल्यामुळे त्याच पातळीच्या सपाट आवाजापेक्षा जास्त लक्ष वेधतो. आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये यासाठी ४५ ची सशर्त शिफारस केली आणि रात्रीची पातळी पुराव्याअभावी दिलीच नाही.

१२ डिसेंबर

तक्ता नव्याने आखला. 'शहरी' आणि 'ग्रामीण' हे दोन स्तंभ काढले. त्यांच्या जागी: माणसाकडे येणारा आवाज आणि ज्याच्याकडे माणूस जातो तो आवाज. पहिल्यात रस्ता, रेल्वे, विमान, एसी, भोंगे, क्रशर, रात्रीचा पंप. दुसऱ्यात ट्रॅक्टर, मळणी, करवत, कडबाकुट्टी, गिरणी. आणि शहरातला ब्रेकरने रस्ता फोडणारा मजूर, वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडर धरणारा मुलगाही दुसऱ्यातच. शहराच्या सरासरीत तोही विरतो.

गटात वाद झाला. एकाचं म्हणणं, विषय शहरी-ग्रामीण असा दिलाय, तोच मांडा. माझं म्हणणं, फरक आहेच, पण तो प्रमाणात आहे: शहरात पहिला प्रकार फार मोठ्या लोकसंख्येला मध्यम पातळीवर रोज रात्री गाठतो, गावात दुसरा प्रकार थोड्यांना फार मोठ्या पातळीवर गाठतो. पहिल्याने झोप आणि हृदय जातं, दुसऱ्याने कान. दोन्हींना एकाच डेसिबलच्या मर्यादेने मोजलं तर दुसरे कायम सुटतात. कारखान्यातल्या कामगारासाठी तरी कायदा आहे. युरोपात २००३ च्या निर्देशाप्रमाणे ८० डेसिबलला सूचना आणि कानाची साधनं द्यायची, ८५ ला ती वापरायला लावायची, ८७ च्या वर कान जाऊच द्यायचा नाही. स्वतःच्या शेतात राबणाऱ्यावर यातलं काहीच लागू होत नाही. तो स्वतःच मालक, स्वतःच कामगार. बाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि तक्ता नवा ठेवायला सांगितला.

१६ डिसेंबर

उपायांची यादी स्रोतावरून ठरते, म्हणून ती शेवटी केली. रस्त्याला खडबडीतपणा कमी केलेलं डांबर, वेगमर्यादा आणि आडवी भिंत. भिंत दिसण्याची रेषा अडवेल इतकी उंच असली तर ५ ते १० डेसिबल. झाडांची एक रांग लावून आवाज थांबतो हा गोड समज आहे; दाट, रुंद पट्टा असला तरच काही डेसिबल मिळतात. झाडं दुसऱ्या शंभर कारणांसाठी लावा. आजींसाठी: झोपायची खोली रस्त्यामागच्या बाजूला हलवणं सगळ्यांत स्वस्त, त्यांच्या मुलाने ते मान्य केलं आहे. मागच्या खोलीतलं वाचन पुढच्या फेरीत.

गावात: सुटे पत्रे, सैल बोल्ट, सुके बेअरिंग यांची दुरुस्ती. कडबाकुट्टी पत्र्याखालून काढून उघड्यावर. एक्झॉस्टचा पाइप डोक्याच्या वर आणि बाजूला. मुलांना चालत्या यंत्रापासून लांब ठेवणं. यावर मावशी लगेच तयार झाल्या, स्वतःसाठी मात्र "आता काय उरलंय" म्हणाल्या. त्यांच्यापाशी पुन्हा जायचं आहे.

दादाला कानावरचे मफ दिले. त्याने घातले, ट्रॅक्टर फिरवून आणला आणि पहिला प्रश्न विचारला: "मागून कोणी ओरडलं, पोरगं चाकाखाली आलं, तर मला कसं कळणार?" प्रश्न रास्त आहे. आवाजातच काम करणाऱ्या माणसाचा कान हा पहारेकरीही असतो. बराच वेळ बोलून ठरलं: ट्रॅक्टर चालू असताना कोणीही मागून यायचं नाही, समोरून दिसेल असं यायचं, आणि दोन्ही हात डोक्यावर उभे धरले की इंजिन बंद. घरातल्या सगळ्यांना त्याने तिथेच बोलावून ती खूण करून दाखवली.

श्रवणचाचणीची वेळ ५ जानेवारीला सकाळी ९ ची मिळाली. चाचणीआधी किमान १४ तास कान मोठ्या आवाजापासून लांब हवेत, नाहीतर थकलेला कान आणि गेलेला कान यांतला फरक आलेखात कळत नाही. त्यासाठी दादा ४ तारखेला दुपारीच नांगर सोडणार आहे.